मदत संपली, मेसेज फिरतच राहिला

फुलचूरवरून बोलतोय. मागे घरघर आवाज येतोय तो राइस मिलचा आहे. त्याला माझ्याकडे इलाज नाही, गोंदियात राहायचं तर तो ऐकावाच लागतो.

आजचा विषय थोडा गंभीर आहे. पूर येतो, भूकंप होतो, साथ येते, तेव्हा आपण सगळे मोबाइल घेऊन बसतो. कुठं काय झालं, कोणाला काय पाहिजे, कुठं मदत मिळते हे शोधतो आणि पुढे पाठवतो. हे शोधायचं कसं आणि पाठवायचं कसं, त्यावर बोलायचं आहे. "फेक न्यूजपासून सावध राहा" हे भाषण मी देणार नाही. ते तुम्ही शाळेपासून ऐकताय. माझं म्हणणं असं आहे की मदतीच्या बाबतीत खोट्या मेसेजपेक्षा जास्त त्रास होतो तो खऱ्या, पण जुन्या झालेल्या मेसेजचा.

एप्रिल २०२१ आठवा. कोविडची दुसरी लाट. नागपूर भरलेलं, गोंदिया भरलेलं, ऑक्सिजन सिलिंडरसाठी लोक दारोदार फिरत होते. आम्ही सात-आठ मित्र तेव्हा एक काम करत होतो. व्हॉट्सॲपवर ज्या याद्या फिरायच्या, "ऑक्सिजन उपलब्ध, संपर्क करा", त्यातल्या एकेका नंबरावर फोन लावून बघायचा. लागतो का, माणूस काय सांगतो, आता माल आहे का. बस एवढंच. बहुतेक नंबर बंद असायचे. काही नुसते वाजत राहायचे.

त्यातला एक नंबर लागला. वेल्डिंगचं दुकान चालवणारा माणूस. त्याच्याकडे दोन सिलिंडर होते, त्याने ते पहिल्याच दिवशी ओळखीतल्या पेशंटला देऊन टाकले. कोणीतरी कौतुकाने त्याचं नाव-नंबर ग्रुपवर टाकलं. खरं होतं ते, शंभर टक्के खरं. पण त्यानंतर दहा दिवस त्याला फोन येत होते. रात्री दोनला, तीनला. तो मला म्हणाला, "भाऊ, मी फोन बंद करू शकत नाही, काऊन की माझी माय पण भरती आहे." आणि प्रत्येक फोनवर त्याला रडणाऱ्या माणसाला सांगावं लागायचं, नाही आहे जी, संपलं.

आता हिशोब करा. त्या यादीत साठ नंबर. एका नंबरला दोन-तीन मिनिटं. ज्याच्या बापाचा ऑक्सिजन कमी होतोय तो पोरगा दोन-अडीच तास फक्त बंद नंबर लावत बसला. कोणी त्याला फसवलं नाही. सगळ्यांनी चांगल्या मनाने फॉरवर्ड केलं होतं.

माझं काम सॉफ्टवेअरचं आहे. आमच्याकडे काही बिघडलं की त्याचं तिकीट उघडतात. कोणी उघडलं, कधी उघडलं, सध्या कोणाकडे आहे, आणि काम झालं की तिकीट बंद. बंद न केलेलं तिकीट ही ऑफिसात शिवी खायची गोष्ट आहे. व्हॉट्सॲपच्या मेसेजला हा शेवटचा भागच नाही. तो उघडतो, पण बंद कधीच होत नाही. रक्त पाहिजे, बी निगेटिव्ह, अर्जंट. कधी? तारीख नाही. पेशंट बरा होऊन घरी गेला, धान कापून झालं, तरी मेसेज अर्जंटच.

म्हणून माझा एक नियम आहे, आणि आमच्या ग्रुपवर तो चालतो. मदतीच्या मेसेजवर तारीख आणि वेळ नसेल तर पुढे पाठवायचा नाही. आणि आपण स्वतः लिहिला तर त्यात शेवट पण लिहायचा: "हा मेसेज आज संध्याकाळी सहापर्यंतच." सहानंतर गरज असेल तर नवीन मेसेज टाकू. काम झालं तर त्याच ग्रुपांवर जाऊन लिहायचं, "झालं, आता फोन करू नका." हे शेवटचं काम कोणालाच आवडत नाही. त्याला लाइक मिळत नाहीत ना.

गावाचं नाव नीट लिहिणं ही पण आपल्याकडची मोठी भानगड. "गोरेगावात पाणी शिरलंय" असा मेसेज आला, तर मुंबईतला माणूस म्हणेल आमच्या गोरेगावात, आणि इथला म्हणेल आमच्या तालुक्यात. बरं, ते सोडा. मुंडीपार घ्या. एक मुंडीपार गोंदिया जिल्ह्यात गोरेगाव तालुक्यात, दुसरं भंडाऱ्यात साकोलीकडे. "मुंडीपारला बोट पाठवा" म्हटल्यावर बोट कुठं जाणार? टोला, टोली, पेठ यांची तर गिनतीच नाही. म्हणून गाव, तालुका, जिल्हा, तिन्ही पाहिजेत. लोकेशनची पिन टाकता आली तर उत्तमच, पण पिन आपण उभे आहोत तिथली जाते, अडकलेल्या माणसाची नाही, हे लक्षात ठेवा.

आता शोधण्याबद्दल, आणि इथं मी थोडा वेळ घेणार आहे, कारण हे आपल्या पाण्याचं प्रकरण आहे.

ऑगस्ट २०२० च्या शेवटी पूर्व विदर्भात वैनगंगेला पूर आला. लॉकडाउनचे दिवस, त्यात हे. भंडारा शहरात पाणी शिरलं, गोसीखुर्दचे तेहेतीसच्या तेहेतीस दरवाजे उघडले, आणि खाली ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडची गावं बुडाली. आपल्याकडे गोंदिया आणि तिरोडा तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांना फटका बसला. हे पाणी आलं कुठून? वैनगंगा उगम पावते मध्य प्रदेशात, शिवनी जिल्ह्यात. तिथं तिच्यावर संजय सरोवर हे धरण आहे. तिकडे प्रचंड पाऊस झाला, धरणातून पाणी सोडलं, ते बालाघाटमार्गे खाली आलं. आणि हे पाणी काही उडत येत नाही. त्याला यायला कित्येक तास लागतात. म्हणजे पाण्याच्या आधी बातमी पोहोचू शकते. त्या वेळी पाणी सोडल्याची खबर खालच्या गावांना वेळेत मिळाली का, यावर नंतर बरीच ओरड झाली.

आता तुम्ही मराठीत "गोंदिया पूर" असं शोधलं तर तुम्हाला काय मिळेल? पूर आल्यानंतरची बातमी. पाणी घरात आल्याचं घरातल्याला गुगलवर वाचायची गरज नसते. तुम्हाला पाहिजे ती बातमी हिंदीत आहे. संजय सरोवराला तिकडे "भीमगढ़ बांध" म्हणतात. हिंदीत "भीमगढ़ बांध गेट" टाका, शिवनी आणि बालाघाटच्या स्थानिक बातम्या येतात, कोणत्या दिवशी किती गेट उघडले ते येतं. नदीला पण तिकडे कोणी वैनगंगा लिहितं, कोणी बैनगंगा. दोन्ही टाकून बघा. मी पावसाळ्यात हे करतो. आमगाव-सालेकसा भागातल्या पोरांनी बाघ नदीसाठी पुजारीटोला आणि सिरपूर धरणावर नजर ठेवावी, अर्जुनी मोरगावच्यांनी इटियाडोहवर. जिल्ह्याच्या नावाने शोधू नका, नदीच्या आणि धरणाच्या नावाने शोधा. पाणी जिल्ह्याची हद्द मानत नाही, राज्याची तर नाहीच.

बातमी मिळाली, मग काय? लगेच ग्रुपवर? थांबा जरा. १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा टोल फ्री नंबर आहे. तिथं फोन करून विचारायचं, साहेब, वरून पाणी सोडलंय का, आमच्या गावाला काही सूचना आहे का. कोणी वैतागून बोललं तरी विचारायचं, त्यांचं कामच आहे ते. मग ग्रुपवर लिहायचं, आणि कोणाकडून कळलं ते पण लिहायचं: "कंट्रोल रूमला सकाळी दहाला विचारलं, त्यांनी असं सांगितलं." एनडीएमएचं "सचेत" नावाचं ॲप आहे, त्यावर इशारे येतात. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं "दामिनी" आहे. रोवणीच्या दिवसांत बांधीत उभ्या माणसांवर वीज पडते, हे आपल्या भागात नवीन नाही. म्हणून हे ॲप तुमच्या एकट्याच्या फोनमध्ये असून भागत नाही. जो शेतात जातो त्याच्या फोनमध्ये पाहिजे, आणि त्याला वाचून सांगणारं कोणी घरात पाहिजे.

जगात या कामात लोकांनी बरंच डोकं लावलंय. १२ जानेवारी २०१० ला हैतीमध्ये भूकंप झाला. तिथं ४६३६ हा एसएमएसचा नंबर चालू केला होता. लोक ढिगाऱ्याजवळून मेसेज करायचे, अमुक ठिकाणी माणसं अडकली आहेत, पाणी नाही. पण मेसेज त्यांच्या क्रिओल भाषेत, आणि मदतीला आलेले लोक इंग्रजी बोलणारे. तर अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या हैतीच्या लोकांनी घरी बसून इंटरनेटवर ते मेसेज वाचले, भाषांतर केलं, जागा ओळखली. केनियात २००८ च्या दंगलींच्या वेळी बनलेलं "उशाहिदी" नावाचं सॉफ्टवेअर वापरून ते नकाशावर टाकले. "त्या दुकानाच्या मागची गल्ली" म्हणजे कोणती, हे तिथं वाढलेल्या माणसालाच कळतं. मला हे वाचलं तेव्हा आपलं गोंदियाच आठवलं. इथं माणूस मराठी बोलता बोलता हिंदीत जातो, घरात पोवारी, कोणाकडे गोंडी, देवरीकडे छत्तीसगढी. पुण्यात बसलेल्या कॉल सेंटरला ते कळेल याची काय खात्री? तुम्ही पुण्यात, हैदराबादेत, बंगळूरला नोकरी करता ना? पूर आला की "काय करू, मी दूर आहे" म्हणता. हे करा. आपल्या भागातले मेसेज वाचून, जागा ओळखून, नीट मराठीत किंवा इंग्रजीत लिहून देणं, हे दुरून होतं आणि ते तुम्हालाच येतं.

२०१८ मध्ये केरळात पूर आला, चारशेहून जास्त माणसं गेली. तेव्हा तिथल्या सरकारच्या आयटी मिशनने आणि स्वयंसेवक इंजिनियरांनी मिळून "केरळ रेस्क्यू" नावाची साइट उभी केली. कोणाला कुठून काढायचं ते एका ठिकाणी भरायचं, स्वयंसेवक परत फोन करून खात्री करायचे. माझ्यासारख्या माणसाला त्यात कोडपेक्षा तो परतीचा फोन महत्त्वाचा वाटतो. कारण एकाच घराची मागणी मावशीने पण टाकलेली असते, दुबईच्या भावाने पण, आणि तोपर्यंत मासेमाऱ्यांच्या होडीने त्यांना काढून शाळेत नेऊन पण ठेवलेलं असतं. फोन केला नाही तर होडी रिकाम्या घराकडे जाते. आणि त्याच वेळी दुसऱ्या छपरावर कोणीतरी वाट बघत असतं.

पण खरं सांगू का, साइट, ॲप, नकाशा हे सगळं फोनवाल्यांचं झालं. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं. दीडशेच्या आसपास माणसं. गावातून फोन येणार कुठून? गाव गेल्याचं बाहेर कळलं ते एस.टी.च्या ड्रायव्हरमुळे. तो नेहमीप्रमाणे गाडी घेऊन गेला आणि बघतो तर गावच नाही. त्याने जाऊन सांगितलं. ज्या गावातून एकही मेसेज येत नाही, त्याची काळजी आधी करायला पाहिजे. आमच्या ग्रुपवर आम्ही हे उलटं बघतो: मागच्या तासात कोणत्या टोलीतून कोणीच काही बोललं नाही? मग तिकडच्या कोणाला तरी फोन. दूधवाला, एस.टी.वाला, आशाताई, कोणीही.

आणि ज्यांना बातमी पाहिजे त्यांच्यापर्यंत ती न पोहोचल्याने काय होतं, ते पण महाराष्ट्राने बघितलंय. मे २०२०. १ मेपासून श्रमिक स्पेशल गाड्या सुरू झाल्या होत्या. जालन्यात काम करणारे मध्य प्रदेशचे मजूर, शहडोल-उमरियाकडचे, भुसावळहून गाडी मिळेल या आशेने रुळांवरून चालत निघाले. थकले, करमाडजवळ रुळांवरच झोपले. ८ मेच्या पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले. त्या दिवसांत आपल्या देवरीवरून, मुंबई-कोलकाता हायवेने, छत्तीसगडचे मजूर असेच चालत जायचे, डोक्यावर सामान, कडेवर पोर. कोणती गाडी, कोणत्या स्टेशनवरून, कोणासाठी, नाव कुठं नोंदवायचं, हे साध्या हिंदीत चार ओळींत लिहून, आवाजात बोलून, चहाच्या टपरीपर्यंत पोहोचवणारं कोणी त्यांना भेटायला पाहिजे होतं. गाडी सोडणं ही मदत आहेच. गाडी कुठून सुटते ते माणसाला कळणं ही पण मदत आहे, आणि तिचा खर्च एका व्हॉइस नोटचा आहे.

पैशाचं एकच सांगतो. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स फंड जाहीर झाला. खरा यूपीआय आयडी होता "पीएमकेअर्स ॲट एसबीआय". लगेच कोणीतरी शेवटचा एस गाळून तसाच दुसरा बनवला आणि फिरवला. एका अक्षराचा फरक! मोबाइलच्या स्क्रीनवर कोणाला दिसणार? म्हणून क्यूआर कोड आणि यूपीआय आयडी फॉरवर्ड करायचेच नाहीत. संस्थेचं नाव सांगा, समोरचा तिच्या स्वतःच्या साइटवर जाऊन देईल. तेवढे कष्ट ज्याला नको, तो तसाही देणार नव्हता.

वस्तूंचं पण तसंच. "जुने कपडे गोळा करतोय" हा मेसेज प्रत्येक पुरात येतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत कपड्यांचे इतके ढीग रस्त्यावर पडले की ते आवरायलाच माणसं लागली. शेवटी अंशू गुप्तांच्या "गूंज" संस्थेने ते उचलून निवडले, कामाला लावले. आपण ट्रक भरून पाठवतो, फोटो काढतो, आणि तिकडे तहसील ऑफिसच्या माणसाला तो ट्रक कुठं रिकामा करायचा ही नवीन आपत्ती. आधी फोन करून विचारा: काय पाहिजे, किती पाहिजे, कधीपर्यंत पाहिजे. पुरानंतर आठव्या दिवशी बिस्किटं नको असतात बाप्पा, फिनाइल पाहिजे असतं, झाडू पाहिजे असतो, पोरांची वह्या-पुस्तकं भिजलेली असतात. पण आठव्या दिवशी बातमीच संपलेली असते.

हे मला सगळ्यात जास्त खटकतं. बातमी तीन दिवस, पूर तीन महिने. घर पडलेल्या माणसाचा पंचनामा झाला का, पैसे खात्यात आले का, हे कोणी शेअर करत नाही. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली बुडालं तेव्हा सगळा महाराष्ट्र धावला, चांगलंच झालं. त्याच्या पुढच्या वर्षी वैनगंगेच्या पुराला तेवढे कॅमेरे आले नाहीत, आणि माझ्या मते ट्रक पण म्हणूनच कमी आले. आता रडत बसण्यात अर्थ नाही. आपल्या गावाची बातमी आपणच लिहायची. पाणी उतरल्यावर पंधरा दिवसांनी एक पोस्ट, महिन्याने एक. किती घरं, किती पंचनामे, काय मिळालं, काय राहिलं. माणसांचे रडके चेहरे नको, आकडे आणि तारखा. ते तहसीलदारालाही दाखवता येतं आणि पेपरच्या वार्ताहरालाही.

एक प्रश्न आला होता, भंडाऱ्याच्या एका श्रोत्या ताईचा. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पूर आला, धाराशिव, बीड, सोलापूरकडे शेतं वाहून गेली. तेव्हा जे व्हिडिओ यायचे त्यातले खरे कोणते ते कसं ओळखायचं, असं त्यांनी विचारलं. ताई, आमच्या ग्रुपवर पण एक आला होता, "आजचा सीना नदीचा पूर" म्हणून. त्यात मागे आयर्विन पूल दिसत होता. तो सांगलीत आहे, कृष्णेवर. एका पोट्ट्याने ओळखला, कारण तो सांगलीला कॉलेजात होता. आधी हे बघायचं: मागे काय दिसतं. पाटी कोणत्या भाषेत, गाडीचा नंबर कोणत्या पासिंगचा, पीक कोणतं उभं आहे. मराठवाड्यात सोयाबीन दिसेल, धानाची बांधी दिसली तर शंका घ्या. मग व्हिडिओतला एक स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्सवर टाका, जुना असेल तर बरेचदा सापडतो. व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण असेल, "अनेक वेळा फॉरवर्ड केलेला", तर तुमच्यापर्यंत यायच्या आधी तो खूप हातांतून गेलाय. अशा मेसेजला व्हॉट्सॲपनेच एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच चॅटची मर्यादा घातली आहे. एआयने बनवलेल्या चित्रांचं काय, असं पण विचारलंय. ती ओळखणं दिवसेंदिवस अवघड होतंय, मला पण प्रत्येक वेळी जमेल असं नाही. म्हणून मी चित्र बघून ठरवतच नाही. पाठवणाऱ्याला विचारतो: तू स्वतः काढलंस का? नाही म्हणाला तर, कोणी काढलं, त्याचा नंबर दे. दोन फोनमध्ये माणूस सापडला नाही तर ते चित्र माझ्याकडून पुढे जात नाही.

उद्या मी माझ्या ग्रुपचा जो मदतीच्या मेसेजचा नमुना आहे, तारीख, गाव-तालुका-जिल्हा, काय पाहिजे, कोणी खात्री केली, कधीपर्यंत, तो टाइप करून टाकतो. तुमच्या गावाच्या नदीचं आणि वरच्या धरणाचं नाव त्यात तुम्ही भरा. आणि वरचं धरण कोणतं ते माहीत नसेल तर आज रात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्यांना माहीत असतं.

चला, लाइट जायच्या आत थांबतो. भेटू पुढच्या भागात.